एक देश, दोन दगड: तुर्कीला हे जमतं कसं?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त थोडं नीटनेटकं केलंय.

आज एक कोडं घेऊ. एक देश १९५२ पासून नाटोमध्ये आहे, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी गटात. तोच देश रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा विकत घेतो. तोच युक्रेनला बायराक्तार ड्रोन विकतो, आणि ते ड्रोन रशियाच्याच रणगाड्यांवर पडतात. तरीही रशियावर पाश्चात्त्य देशांनी लावलेल्या निर्बंधांत हा सामील होत नाही, उलट रशियाचा गॅस घेतो आणि स्वतःचा पहिला अणुऊर्जा प्रकल्प रशियन कंपनीकडून बांधून घेतो. हा देश म्हणजे तुर्की.

आपल्याकडे म्हणतात, दोन दगडांवर पाय ठेवू नये, पडशील. मग हा पडत कसा नाही?

मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो असा: या सिस्टिममध्ये असा कोणता भाग आहे, ज्याला बायपास करता येत नाही? फोनवर मॅप उघडा, इस्तंबूल टाका आणि झूम करा. शहराच्या मधून पाण्याची एक चिंचोळी पट्टी जाताना दिसेल. ती बॉस्फरसची सामुद्रधुनी. लांबी साधारण ३० किलोमीटर, आणि सगळ्यात अरुंद जागी रुंदी जेमतेम ७०० मीटर. काळ्या समुद्रातून जहाजाने बाहेरच्या समुद्रात जायचं तर आधी ही आणि पुढे दार्दानेल्स, या दोन सामुद्रधुन्या ओलांडाव्याच लागतात. रशिया असो, युक्रेन असो, रोमानिया असो, दार एकच. आणि दारात बसलाय तुर्की.

पण नुसतं दारात बसून भागत नाही, कागदही लागतो. तो कागद म्हणजे १९३६ चा माँट्रो करार. शांततेच्या काळात व्यापारी जहाजांना मोकळी वाट. काळ्या समुद्राच्या काठावर नसलेल्या देशांच्या युद्धनौकांना तिथे २१ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आणि युद्ध सुरू झालं, पण तुर्की त्यात नसेल, तर लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना वाट बंद. अपवाद फक्त आपल्या मूळ तळावर परतणाऱ्या नौकांचा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. चारेक दिवसांत तुर्कीने जाहीर केलं की हे युद्धच आहे, आणि हे कलम लागू केलं. एप्रिलमध्ये रशियाची ‘मॉस्कवा’ ही मोठी युद्धनौका बुडाली, तेव्हा तिच्या जागी बाहेरून दुसरी आणायची सोय उरली नव्हती. आता गंमत बघा. तुर्कीने नाटोच्या देशांनाही सांगितलं, तुम्हीही युद्धनौका पाठवू नका. म्हणजे रशियाचं नुकसान झालं, पण ‘तू शत्रूच्या बाजूने गेलास’ असं रशियाला धड म्हणता येईना.

याच विश्वासावर पुढचं काम झालं. २२ जुलै २०२२ ला इस्तंबूलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सोबतीने धान्य करार झाला. एकमेकांवर गोळे टाकणाऱ्या दोन देशांनी तुर्कीच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या साक्षीने सह्या केल्या. वर्षभरात युक्रेनच्या बंदरांतून जवळपास ३.३ कोटी टन धान्य आणि अन्नपदार्थ बाहेर पडले. जुलै २०२३ मध्ये रशिया बाहेर पडला आणि करार संपला. इथे मध्यस्थाची मर्यादाही दिसते. दोघांना टेबलावर बसवता येतं, पण बांधून ठेवता येत नाही.

आता दुसरी किल्ली. नाटोमध्ये नवा सदस्य घ्यायचा तर प्रत्येक जुन्या सदस्याची संमती लागते. स्वीडन आणि फिनलंडने मे २०२२ मध्ये अर्ज केला. तुर्की अडून बसला. कुर्दी गटांबद्दल त्याच्या तक्रारी होत्या. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आत आला, स्वीडनला मार्च २०२४ उजाडला. जानेवारी २०२४ मध्ये तुर्कीच्या संसदेने स्वीडनला होकार दिला आणि काही दिवसांतच अमेरिकन सरकारने तुर्कीला एफ-१६ विमानं विकायला मान्यता दिली. एक मत, आणि त्याची पुरेपूर किंमत वसूल.

पण फुकट काहीच नसतं. एस-४०० चे भाग जुलै २०१९ मध्ये तुर्कीत पोहोचले आणि त्याच महिन्यात अमेरिकेने त्याला एफ-३५ विमानांच्या कार्यक्रमातून बाहेर काढलं. २०२० मध्ये निर्बंधही आले. भारतानेही एस-४०० घेतली, पण आपल्यावर तसे निर्बंध आले नाहीत. एक साधा फरक म्हणजे आपण त्या गटाचे सदस्य नाही. गटात राहून नियम वाकवलेत की बिल वेगळं येतं.

आणि एक बिल आपल्या पुण्यातही फाटलं. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात भारताने ‘ऑपरेशन दोस्त’ म्हणून बचाव पथकं पाठवली होती. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कीने उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली. मग पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदं नाकारली, आणि भारतीय विमानतळांवर काम करणाऱ्या एका तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी सरकारने काढून घेतली. ‘एवढी मदत केली आणि हे फळ?’ असं पुष्कळ जण म्हणाले. राग समजण्यासारखा आहे. पण हिशेब बघा. काळ्या समुद्रात तुर्कीला दोघांचीही गरज आहे, म्हणून तिथे तोल सांभाळला जातो. आपल्याकडे पाकिस्तानशी त्याचं जुनं लष्करी नातं आहे आणि भारताला दुखावल्याची किंमत त्याला परवडेल असं वाटलं. म्हणून तिथे तोल नाही, थेट बाजू. तटस्थपणा हे तुर्कीचं तत्त्व नाहीये. जिथे गरज आहे तिथेच तो वापरला जातो.

म्हणून पुढच्या वेळी ‘अमुक देश आपला मित्र की शत्रू’ असा व्हिडिओ समोर आला, तर फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. त्याच्या हातात अशी कोणती किल्ली आहे, जिला पर्याय नाही? या जागी त्याला कोणाची गरज आहे? आणि आपल्याला नाराज केल्यावर त्याला बिल किती येईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र बरंचसं आपल्याच हातात असतं, आपण किती मोठे ग्राहक, किती मोठे भागीदार आहोत त्यावर.

तुम्हाला अशी किल्ली असलेला दुसरा कुठला देश सुचतोय? कळवा, त्यावर एक भाग करू. भेटू पुढच्या भागात, तोवर काळजी घ्या!