घरातली मारहाण आणि एनसीची वही



अध्यक्षपदावरून न्यायव्यवस्थेच्या मोठ्या प्रश्नांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज पोलीस ठाण्यातल्या एनसीच्या, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्यांच्या नोंदीच्या, वहीबद्दल बोलणार आहे. कारण घरात मार खाणाऱ्या बाईची कायद्याशी पहिली गाठ पडते ती त्या वहीत, आणि पुष्कळदा शेवटचीही.

‘तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा’ ही जुन्या दंड संहितेची कलमे आपल्या सर्व वकिलांना पाठ आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांची ११५(२), ३५२ आणि ३५१(२) झाली. कलमांचे आकडे बदलले, एनसीतला मजकूर तोच राहिला. नवऱ्याने किरकोळ कारणावरून शिवीगाळ केली, हाताबुक्क्यांनी मारले, बघून घेतो म्हणून धमकी दिली. गुन्हा अदखलपात्र असल्याने तक्रारदारास न्यायालयात दाद मागण्याची समज दिली. सही, अंगठा, आणि बाई एनसीची प्रत घेऊन त्याच घरी परत.

यात ठाणे अंमलदाराला दोष देऊन मोकळे होता येणार नाही. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. बसस्टँडवर दोन अनोळखी माणसे हातघाईवर आली, तर ही तरतूद योग्यच आहे. प्रत्येक थपडेसाठी कुणाला कोठडीत टाकू नये. पण ती दोन माणसे पुन्हा भेटत नाहीत. नवरा-बायको रात्री एकाच छताखाली असतात, आणि ती पोलिसांत जाऊन आली हे त्याला ठाऊक असते.

या फरकाची कायद्याला जाण नाही असे नाही. १९८३ साली नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या क्रूरतेसाठी ४९८-अ आले, आज ते कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. त्यातली क्रूरता म्हणजे वागणूक. ती एका थपडेतून सहसा सिद्ध होत नाही, महिनोन्‌महिने काय चालले होते यातून दिसते. आणि हे महिने वहीत सुटे सुटे पडलेले असतात. चार एनसी, चार वेगळे अंमलदार, चार पाने. ‘किरकोळ कारण’ म्हणून लिहिले जाते तेव्हा त्या कारणात रिक्षाच्या हप्त्यासाठी माहेरहून पैसे आणण्याचा तगादा असू शकतो. तो लिहिला गेला असता तर प्रकरण दखलपात्र होण्याच्या वाटेवर आले असते. एकाच प्रकरणातल्या अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला तरी सारे प्रकरण दखलपात्र धरायचे, असे १७४(४) सांगते. प्रश्न विचारला तरच हे उमगते.

पुढे जे घडते त्यात आपण वकील सामील आहोत. वर्ष-दोन वर्षांनी खटला उभा राहतो आणि उलटतपासात आपण त्या बाईला विचारतो, ‘पैशांची मागणी होत होती, तर एनसीत का नाही?’ तिने सांगितलेले आणि लिहिले गेलेले यांतले अंतर तिच्या खोटेपणाचा पुरावा म्हणून मांडले जाते. बचाव करणे हा आरोपीचा हक्क आहे, तो मी कधीही नाकारणार नाही. पण फिर्यादीच्या बाजूने उभे राहणारे आपण, पहिल्याच दिवशी तिचा सविस्तर लेखी अर्ज पोचसह दाखल करून का देत नाही?

वैद्यकीय दाखल्याचेही तसेच. हाड मोडले किंवा दात पडला तर गंभीर दुखापत. पूर्वी वीस दिवस तीव्र वेदना लागत, नव्या संहितेत पंधरा. पण कानशिलात बसून कानाचा पडदा फाटला आणि पुढे भरून आला, तर ती ‘साधी’च. गळा दाबल्याची तर अनेकदा बाहेर खूणही राहत नाही. म्हणून पोलिसांकडून मेडिकल यादी, म्हणजे वैद्यकीय तपासणीसाठीचे पत्र, मागा, आणि गळा दाबल्याचे तिने सांगितले असेल तर डॉक्टरांकडून ते शब्दशः लिहून घ्या.

मुदतीकडेही लक्ष वेधते. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत एक वर्ष आहे. बाई धीर करून आपल्याकडे येते तोवर केवळ साध्या दुखापतीच्या जुन्या एनसी स्वतंत्र गुन्हा म्हणून संपलेल्या असतात, क्रूरतेचा पुरावा म्हणून तेवढ्या उरतात. इंग्लंडमध्येही किरकोळ मारहाणीची सहा महिन्यांची मुदत याच कारणाने नडत होती. तिथे २०२२ साली कौटुंबिक अत्याचाराच्या प्रकरणांत ती तक्रारीच्या दिवसापासून मोजायचे ठरले, घटनेपासून कमाल दोन वर्षांपर्यंत. असा बदल आपल्याकडेही व्हावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

आता २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. त्यातल्या कलम ३१ चा आपण फार कमी वापर करतो. दंडाधिकाऱ्यांचा संरक्षण आदेश हाती असताना नवऱ्याने हात उचलला, तर तो आदेशभंग दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा पुन्हा एक वर्षापर्यंतच. मारणारा हात तोच, कैद तेवढीच, पण आता पोलीस एनसीवर बोळवण करू शकत नाहीत. लग्नाशिवाय एकत्र राहणारी बाई, भावाचा मार खाणारी बहीण, दारुड्या मुलाचा मार खाणारी आई यांना ४९८-अ लागूच होत नाही. त्यांच्यासाठी एनसी आणि हा कायदा एवढेच आहे. म्हणून एनसीची प्रत हातात आली की तिला ‘खासगी फिर्याद कर’ म्हणून वाटेला लावू नका. ती प्रत जोडून कलम १२ चा अर्ज करा, संरक्षण अधिकाऱ्यांकडून घटना अहवाल करून घ्या, २३ खाली अंतरिम आदेश मागा. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या शेजारीच समाजकार्यकर्ती बसली तर काय साधते, ते आपल्या राज्यानेच दाखवून दिले आहे.

नवऱ्याने आधीच जाऊन उलटी एनसी देणे, मालमत्तेच्या भांडणाला हिंसाचाराचे रूप देणे, हेही आपण पाहतो. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने सरसकट अटकेला घातलेला लगाम मला मान्य आहे. मी अटक मागत नाही, नोंद मागते. कोण आधी आले यापेक्षा कोणाच्या अंगावर कसल्या जखमा आहेत आणि कोणाला घर सोडावे लागले हे नोंदीत आले, तर निरपराध पुरुषालाही त्याच नोंदीचा आधार मिळेल.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभर स्त्रियांपैकी १४ जणींनीच कुणाची तरी मदत मागितली होती, आणि तीही बहुतेक माहेरच्या माणसांची. ठाण्याची पायरी चढणारी बाई त्या मोजक्यांतली असते.

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. घरातल्या मारहाणीच्या प्रत्येक एनसीत दोघांचे नाते, याआधीच्या एनसींचे क्रमांक आणि पैशांची मागणी झाली का, या तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात. नव्या संहितेप्रमाणे अदखलपात्र प्रकरणांचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे जातोच. त्यात एकाच घरातून दुसऱ्यांदा आलेली तक्रार वेगळी दाखवावी. ठरावाची प्रत प्रत्येक तालुका वकील संघाने आपल्या पोलीस निरीक्षकांना आणि संरक्षण अधिकाऱ्यांना स्वतः नेऊन द्यावी. मसुद्यात सुधारणा सुचवायच्या असतील, तर जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे लेखी द्या.