केस पेपर काढायला लाज कसली?

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



मला विषय दिला आहे 'तरुणांसाठी मोफत आरोग्यसेवा'. योजनांची यादी वाचून दाखवली तर तुम्ही जेवणाआधीच झोपाल. म्हणून आधी घरातली एक गोष्ट सांगतो. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारूनच सांगतोय. फक्त नाव घेऊ नको, म्हणाला.

माझ्या फुपीचा मुलगा. तेव्हा एकवीस वर्षांचा. पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे चारला उठून मैदानावर जायचा. दुसऱ्यांदा यादीत नाव आलं नाही आणि तो बदलला. मैदान सुटलं, मग मित्र सुटले, मग जेवण. रात्रभर जागा, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला. फुपी रडायची. फुपा म्हणायचे, आळशी झालाय. आणि मी, त्याचा मोठा भाऊ म्हणवणारा, शिकलेला, त्याला काय म्हणालो असेन? "मर्द बन." दोन शब्द. ते आजही मला टोचतात.

आधी गल्लीतल्या डॉक्टरने अशक्तपणा म्हणून सलाईन लावली, तीन वेळा. मग कुणीतरी म्हणालं, नजर लागली. तावीज झाले, पाणी झालं, एका बाबाकडे पाच जुमेराती झाल्या. फुपीच्या कानातले गेले. सात महिने आणि चाळीस हजार रुपये. एका रात्री तो मला म्हणाला, "भाईजान, मी नसलो तर अम्मीचा खर्च तरी वाचेल." तेव्हा माझे डोळे उघडले. ती रात्र आम्ही दोघांनी जागून काढली आणि सकाळी सरकारी रुग्णालयात गेलो. मनोविकार विभाग आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर होता. सात महिने आम्ही त्याच्यासमोरून रिक्षाने जात होतो.

तिथे काय झालं? केस पेपर काढला. दीड तास रांगेत बसलो. डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याशी बोलायचं म्हणून मला बाहेर बसवलं. नैराश्य आहे, हा आजार आहे, बरा होतो, असं सांगितलं. गोळ्या दिल्या आणि समुपदेशकाकडे पाठवलं. पहिले तीन आठवडे काहीच फरक नाही, म्हणून फुपा गोळ्या बंद करायला निघाले होते. आम्ही थांबलो. दोन महिन्यांनी तो पुन्हा मैदानावर दिसला. धावत नव्हता, नुसता चालत होता. आज दुकान चालवतो.

आता यावरून तुमच्या कामाचं सांगतो.

पहिली गोष्ट, फोन. '१४४१६' हा नंबर आत्ता मोबाइलमध्ये सेव्ह करा. ही 'टेलिमानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. केंद्र सरकारची आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर तो मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जवळच्या रुग्णालयाचा पत्ता सांगतो. काय बोलायचं ते आधी ठरवावं लागत नाही. "झोप येत नाही", "परीक्षेची भीती वाटते", एवढं पुरतं. कुणी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. शेजारी बसून फोन लावा. जीव लगेच धोक्यात असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला घरी किंवा बाहेर कुणी त्रास देत असेल तर १०९८.

दुसरी, 'मैत्री' क्लिनिक. केंद्राचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांमधल्या त्याच्या क्लिनिकचं नाव 'मैत्री'. तिथे फक्त मनाचं नाही, पाळीच्या तक्रारी, अंगात रक्त कमी असणं, वयात येतानाच्या शंका, गुटखा आणि नशा, घरातली मारहाण, या सगळ्यावर बोलता येतं. आपल्या मुलींना मी मुद्दाम सांगतो. पाळीत दरवेळी कॉलेज बुडत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर "बायकांना असंच असतं" हे उत्तर घेऊन घरी बसू नका. दोस्तांनो, तुमच्या बहिणीला तिथवर सोडायला जायची वेळ आली तर जा, बाहेर थांबा आणि आत काय झालं ते विचारू नका.

तिसरी, पैसा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, केस पेपरसुद्धा. महापालिकेचा दवाखाना किंवा वैद्यकीय महाविद्यालय वेगळं, तिथे थोडं शुल्क लागू शकतं. पण चाळीस हजार कुठेच लागत नाहीत.

चौथी, कायदा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा आहे. तो नीट समजून घ्या, कारण आपल्या बऱ्याचशा भीतीचं उत्तर त्यात आहे. कलम १८ प्रमाणे सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे आणि त्यात धर्म, जात, लिंग यावरून भेदभाव करता येत नाही. कलम २३ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्यांचं कर्तव्य आहे. काही अपवाद आहेत, जसं की कुणाच्या जिवाला धोका असेल तर. पण "मोहल्ल्यात कळेल", "लग्न जमणार नाही" या भीतीपोटी घरी बसायचं कारण नाही. कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानायचं, त्याला शिक्षा करायची नाही. पोलिसांच्या भीतीने जखमी मुलाला घरात लपवून ठेवणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका.

आणि कलम ९५. मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी. यामागे कशी माणसं गेलीत ते माहीत आहे का? ६ ऑगस्ट २००१, तमिळनाडूतलं एरवाडी. दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवणारी खासगी ठिकाणं होती. त्यातल्या एका ठिकाणी पहाटे आग लागली. माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. पळता आलं नाही. अठ्ठावीस जण गेले. त्यांना तिथे आणून सोडणारे दुश्मन नव्हते. आई-बाप होते, भाऊ होते. माझ्या फुपीसारखे, माझ्यासारखे.

इथे कुणीतरी विचारेल, मग दुआ करायची नाही का? मी तसं म्हटलेलं नाही. माझी फुपी आजही करते. पण दुआ करणाऱ्याने दवा नाकारावी, हे आपल्या इतिहासातही बसत नाही. अबू झैद अल-बल्खी हजारेक वर्षांपूर्वी होऊन गेला. शरीर आणि मन दोघांच्या आरोग्यावर त्याने एकच ग्रंथ लिहिला. कैरोत १२८४ मध्ये सुलतान कलावूनने बांधलेल्या बिमारिस्तानात मनोरुग्णांसाठी वेगळी जागा होती आणि उपचार मोफत होते. तो वारसा अभिमानाने सांगणारे आपण मनोविकार विभागाची पाटी दिसली की तोंड लपवतो! गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात तर दुआसोबत दवा असा उपक्रमच चालवला गेला. मुजावरांनी रुग्णांना डॉक्टरकडे पाठवायचं आणि डॉक्टरांनी त्यांच्या श्रद्धेची टिंगल करायची नाही. आपल्या गावात हे का होऊ नये?

सगळं छान आहे असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. रांगा लांब असतात. लहान गावात मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एखाद्या दिवशी येतो. कधी गोळ्या संपलेल्या असतात. काउंटरवर नाव ऐकून कुणाचा आवाजही बदलतो, हे मी अनुभवलंय. तिथे भांडण करून घरी येऊ नका. केस पेपर घ्या, उपचार घ्या आणि मग लेखी तक्रार करा. आपण वापरणारच नसलो तर सेवा सुधारा असं म्हणणार कोण?

शेवटी तीन कामं देतो. परत गेल्यावर आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जा. मनोविकार ओपीडी कोणत्या वारी असते, मैत्री क्लिनिक कोणत्या खोलीत आहे, ते विचारून या. ती माहिती आणि १४४१६ हा नंबर एका कागदावर मराठीत आणि उर्दूत लिहून मशिदीच्या, अभ्यासिकेच्या, जिमच्या फलकावर परवानगी घेऊन लावा. आणि तिसरं, तुमच्या ओळखीत जो हल्ली फोन उचलत नाही, मैदानावर येत नाही, त्याच्या घरी जा. त्याला "मर्द बन" म्हणू नका. "चल, मी येतो सोबत," एवढंच म्हणा.

मला हे वाक्य सुचायला सात महिने लागले. तुम्हाला लागू नयेत.