झाडावरचं घर कुणासाठी?

(मिशन सप्ताहात मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘दुर्गम भागातले लोक आणि टीव्ही’ असा विषय पाळकसाहेबांनी मला दिला, तेव्हा तरुण संघातल्या मुलांनी लगेच आपल्या आवडत्या कार्यक्रमांची नावं सांगितली. वीज नाही, रस्ता नाही, शेजार नाही, अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसांचे कार्यक्रम. कुणी बर्फात मासे धरतोय, कुणी लाकडाचं घर बांधतोय. हे कार्यक्रम मलाही आवडतात. दिवसभर पाड्यांवर फिरून आल्यावरही मी ते बघते, याचं माझ्या घरच्यांना हसू येतं.

पण बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या कार्यक्रमांत दोन अगदी वेगळी माणसं असतात. बेन फोगल नावाचा ब्रिटिश निवेदक 2013 पासून ज्यांच्याकडे जाऊन राहतो, ती बहुतेक माणसं नोकरी आणि शहर सोडून स्वतःहून रानात गेलेली. त्यांच्या धाडसाचं कौतुक आहेच. तरी ती निवड असते, आणि निवड बदलता येते. दुसरी माणसं तिथेच जन्मलेली. त्यांच्यापर्यंत रस्ता आला नाही, कारण तो कुणी बांधला नाही. पडद्यावर मात्र दोघांच्या मागे तेच संगीत वाजतं आणि दोघांनाही ‘साधं, समाधानी जीवन’ हेच नाव मिळतं.

या दुसऱ्या माणसांचं काय होतं, ते एका उदाहरणाने सांगते. न्यू गिनी बेटाचा पश्चिम भाग इंडोनेशियाकडे आहे. तिथल्या पापुआच्या सखल, दलदलीच्या जंगलात कोरोवाई नावाचे लोक राहतात. सागो नावाच्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून निघणारं पीठ हे त्यांचं मुख्य अन्न. आपला साबुदाणा मूळचा याच झाडाचा. घरं झाडांवर आणि खांबांवर बांधतात, खाचा पाडलेल्या एका सोटावरून वर चढतात. अशी घरं जमिनीपासून साधारण एक-दोन मजले, कधी थोडी अधिक उंच असतात.

2011 मध्ये बीबीसीने ‘ह्यूमन प्लॅनेट’ ही मोठी मालिका दाखवली. तिच्या जंगलांवरच्या भागात एक कोरोवाई कुटुंब प्रचंड उंच झाडाच्या शेंड्यावर घर बांधून तिथे राहायला जाताना दिसतं. जगभर लोकांनी तोंडात बोटं घातली. सात वर्षांनी, 2018 मध्ये, विल मिलार्ड नावाचा प्रवासी बीबीसीच्याच दुसऱ्या मालिकेसाठी कोरोवाईंकडे गेला. तिथल्या माणसांनी त्याला सरळ सांगितलं, इतक्या उंचावरची घरं आम्ही परदेशी चित्रीकरणवाल्यांसाठी बांधतो, आम्ही त्यांत राहत नाही. मग बीबीसीनेही मान्य केलं की ‘ह्यूमन प्लॅनेट’मधलं घर हे त्या कुटुंबाचं खरं घर नव्हतं आणि ते तसं दाखवणं आपल्या नियमांत बसत नव्हतं.

बातमी वाचून पुष्कळांना राग आला तो फसवणुकीचा. कोरोवाईंचा मला मुळीच राग येत नाही. सुताराला कुणी उंच माचा सांगितला तर तो उंच माचा करून देतो आणि मजुरी घेतो. रूपर्ट स्टाश या मानववंशशास्त्रज्ञाने या लोकांत अनेक वर्षं अभ्यास केला आहे. पर्यटक आणि चित्रीकरणवाले आले की कोरोवाई अंगावरचे कपडे उतरवून जुन्या वेषात उभे राहतात, असं त्याने लिहिलं आहे. पाहुण्याला काय हवं हे त्यांना चांगलं कळतं. प्रश्न पाहुण्याचा आहे. चड्डी-बनियन घातलेला कोरोवाई त्याला ‘खरा’ वाटत नाही. पुढे तोच माणूस मुलासाठी शाळा किंवा बायकोसाठी दवाखाना मागायला आला, तर बिघडला म्हणतात! जणू आपण डॉक्टरकडे गेलो तर आपलं मराठीपण जातं.

हे आजचं नाही. 1922 च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या प्रसिद्ध चित्रपटातल्या इनुइट शिकाऱ्याचं खरं नाव अल्लाकारियाल्लाक होतं. त्याच्या लोकांच्या हाती तेव्हा बंदुका आल्या होत्या, पण चित्रपटात शिकार भाल्याने करवली. कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून बर्फाचं घरही एका बाजूने उघडं बांधलं होतं.

या गोष्टीत आपल्या विश्वासातली माणसंही आहेत. कोरोवाईंमध्ये डच रिफॉर्म्ड मंडळीचे मिशनरी 1970 च्या दशकाच्या अखेरीस पोहोचले. त्यांच्यापैकी गेरिट व्हान एंक यांनी यानिरुमा या वस्तीत राहून त्यांची भाषा शिकून घेतली आणि लाउरेन्स द व्ह्रीस या भाषाशास्त्रज्ञासोबत त्या भाषेवर एक ग्रंथ लिहिला. तो 1997 मध्ये निघाला. मिशनरी गेले म्हणून सगळं चांगलंच झालं, असं मी म्हणणार नाही. ओळीने वसवलेल्या गावात नांदणं विखरून राहणाऱ्या लोकांना सोपं नसतं. पण क्रियापदं टिपत वर्षानुवर्षं बसलेल्या माणसावर कुणी मालिका काढत नाही, आणि समोरच्याचं म्हणणं कळायला दुसरा रस्ताही नाही.

यरीहोच्या वाटेवरचा बार्तीमय आठवा. तो आंधळा आहे हे सगळ्या जमावाला दिसत होतं. तरीही प्रभूने त्याला जवळ बोलावून आधी विचारलं, की मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं. त्याच्या तोंडून उत्तर ऐकलं, मग पुढचं. गर्दी मात्र त्याला गप्प राहा म्हणत होती. सेवाकार्यात इतकी वर्षं काढल्यावर मला वाटतं, आपला कॅमेरा पुष्कळदा त्या गर्दीच्या बाजूला उभा असतो.

आता आपल्या घरचं बोलते. रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीवर देणगीदारांसाठी व्हिडिओ काढायला काही मंडळी आली होती. कुठली, ते सांगत नाही. हेतू चांगलाच होता. त्यांनी एका घरावरची डिश अँटेना चौकटीबाहेर ठेवायला सांगितली, एका मुलीला शाळेचा गणवेश बदलून जुना फ्रॉक घालायला लावला. तिची आजी दारात बसून सगळं बघत होती. ती म्हणाली, “बाई, पोरीला शाळेत धाडा म्हणून तुम्हीच मागं लागला व्हता. आता शाळेचा डगला काढाया का लावतात?” त्या लोकांकडे उत्तर नव्हतं. व्हिडिओ त्यांनी काढला.

त्या वाडीला काय हवं आहे, ते बैठकीत विचारलं तर बायका एका दमात सांगतात. घराखालची जागा. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. जागा नावावर नाही म्हणून घरकुल अडतं. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित जमाती. केंद्राने 2023 मध्ये अशा जमातींसाठी पीएम-जनमन योजना आणली, तिच्यात पक्क्या घरांची तरतूद आहे. पण कागद लागतात. जातीचा दाखला लागतो. पावसाळा संपला की निम्मी वाडी वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर निघून जाते, आणि तहसीलची तारीख नेमकी तेव्हाच पडते.

सातबाऱ्याचा फोटो बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, हे मला माहीत आहे. दाखल्यासाठी चौथ्यांदा तालुक्याला गेलेल्या बाईवर कार्यक्रम होत नाही. तरी तुमचं अर्पण बरंचसं त्याच एसटीच्या तिकिटांत आणि झेरॉक्समध्ये जातं. अहवालात तो खर्च दिसला, की खळखळ करू नका.

त्रैमासिकाच्या संपादकांनी या वाडीचा फोटो मागितला होता. पाच फोटो काढून मी बायकांपुढे ठेवले आणि तुम्हीच निवडा म्हटलं. त्यांनी निवडलेल्या फोटोत सगळ्याजणी दिवाळीच्या साड्या नेसून, हातात जातीचे दाखले धरून उभ्या आहेत. मागे डिश अँटेना आहे. छापताना ती कापू नये, असा त्यांचा निरोप आहे.