बंदिवासातील श्मश्रू आणि माणसाचा मान

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकून कित्येकांस नवल वाटले असेल. शिक्षण, वसतिगृह, वधूवर-परिचय हे विषय बाजूस ठेवून तुरुंगातील कैद्यांच्या दाढीचा विचार या व्यासपीठावरून कशासाठी, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु वस्तरा, कात्री आणि कंगवा यांवर ज्या समाजाच्या पिढ्यानपिढ्यांचा चरितार्थ चालला, त्याने या गोष्टीचा विचार करावयाचा नाही, तर मग तो करावयाचा कोणी?

मनुष्य तुरुंगात गेला म्हणजे त्याचा वेळ आणि त्याची वाट दुसऱ्याच्या स्वाधीन होते. वस्तरा हे हत्यार असल्यामुळे ते त्याच्या हाती मोकळेपणाने देता येत नाही, हेही रास्तच होय. त्यामुळे चेहरा नीटनेटका ठेवणे हे बाहेर ज्याचे त्याने करावयाचे काम आत अधिकाऱ्यांच्या मर्जीवर येऊन पडते. १९५५ साली जिनीव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने कैद्यांना कसे वागवावे याचे किमान नियम ठरविले. केस व दाढी यांची निगा राखण्याची सोय असावी आणि पुरुषांस नियमितपणे दाढी करता यावी, असे त्यांत सांगितले आहे. आणि त्याचे कारण म्हणून माणसाच्या स्वाभिमानाचा उल्लेख केला आहे. २०१५ साली हे नियम सुधारून त्यांस नेल्सन मंडेला यांचे नाव देण्यात आले, तेव्हाही अठराव्या नियमात ही तरतूद कायम राहिली.

आपल्या देशात २०२२ च्या अखेरीस तुरुंगांत असलेल्या दर शंभर माणसांपैकी सुमारे ७६ माणसे कच्चे कैदी होती. त्यांच्यावरील खटल्यांचा निकाल व्हावयाचा होता. अशा माणसास वाढलेल्या दाढीने व विस्कटलेल्या केसांनी न्यायासनापुढे उभे राहावे लागले, तर निकालापूर्वीच त्याचा चेहरा त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ लागतो.

या बाबतीत महात्मा गांधींचे उदाहरण मननीय आहे. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे एका गोऱ्या कारागिराने त्यांचे केस कापण्याचे तुच्छतेने नाकारले. त्यांनी मशीन विकत घेऊन आपले केस आपणच कापले; मागची बाजू बिघडली आणि कचेरीतील मित्र हसले. परंतु त्या कारागिरास त्यांनी दोष दिला नाही. आपल्याकडेही अस्पृश्य बांधवांची हजामत आपण न्हाव्यास करू देत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे जानेवारी १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या तुरुंगात असताना त्यांनी केस व मिशा काढण्याची परवानगी स्वतः मागून घेतली. आत कंगवा नाही, आरसा नाही; केस स्वच्छ कसे राहावेत? वस्तऱ्यास मनाई होती, म्हणून मशीन व कात्री घेऊन ते आणि त्यांचे सोबती नायडू रोज सुमारे दोन तास इतर हिंदी कैद्यांचे केस कापीत. एका बॅरिस्टरास ज्या कामाची लाज वाटली नाही, त्याची लाज आपल्या शिकलेल्या मुलांस वाटावी, हे आम्हांस शोभत नाही.

आरोग्याचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांत खरूज, नायटा आणि उवा पसरण्यास वेळ लागत नाही. एकच पाते अनेकांच्या गालांवर फिरले तर ब व क प्रकारची कावीळ आणि एड्सचा विषाणू रक्तावाटे दुसऱ्याकडे जाण्याचा धोका असतो. ब प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवसांपर्यंत टिकू शकतो. तुरटीने रक्त थांबते, परंतु पात्यास लागलेला विषाणू मरत नाही. यास्तव दर माणसास नवे पाते, हा नियम बाहेर जितका आवश्यक, तितकाच आतही.

मात्र वस्तरा चालावा तो मस्तकाच्या धन्याची इच्छा असेल तरच. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आपल्याच बांधवांनी विधवांचे केशवपन करण्याचे नाकारले. पोटावर पाय येण्याची भीती असताही त्यांनी हे केले, याचा आम्हांस अभिमान वाटतो. २०१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही, धर्मश्रद्धेने अर्धा इंच दाढी राखू इच्छिणाऱ्या आर्कान्सा राज्यातील एका मुसलमान कैद्याच्या बाजूने एकमताने निकाल दिला. तत्त्व एकच आहे.

आता मुख्य मुद्दा. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, तुरुंगात जातीवरून कामे वाटणे घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. अमुक जातीचा म्हणून स्वयंपाक, तमुक जातीचा म्हणून झाडू, ही वाटणी त्यामुळे रद्द झाली. मग न्हाव्याचा मुलगा म्हणून हाती वस्तरा देणे तरी कसे टिकेल?

यावर आपल्यातील काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "धंदा आपला, तो परक्यास शिकविला तर आपल्या मुलांनी काय करावे?" ही चिंता खोटी नव्हे. दुकानाचे भाडे आणि वाढती स्पर्धा आम्हांसही ठाऊक आहे. परंतु जन्माच्या बळावर धंदा राखू पाहणाऱ्यास जन्माच्या नावाने होणारी अवहेलनाही सोसावी लागते. एक हवे आणि दुसरे नको, असे चालत नाही. धंदा राखावयाचा तर तो हातच्या कसबाने राखावा. आणि कसब शिकविणारा तो गुरू, हा मान आपणांस कोणी नाकारू शकणार नाही.

म्हणून समाजापुढे आमची विनंती तीन गोष्टींची आहे. तुरुंगाधिकाऱ्यांची परवानगी मिळवून आपल्या निष्णात कारागिरांनी, शिकू इच्छिणाऱ्या कोणत्याही जातीच्या कैद्यास हे काम शिकवावे. शिकविताना नव्या पात्याचा व निर्जंतुक हत्यारांचा धडा प्रथम द्यावा. आणि असा माणूस शिक्षा भोगून बाहेर आला, तर ज्यांच्या दुकानात खुर्ची रिकामी असेल त्यांनी त्याच्या तोंडावर दार लावू नये. पहिल्या महिन्याची मजुरी त्याच्या हाती पडली, म्हणजे पुन्हा वाईट वाटेस जाण्याचे एक कारण तरी कमी होईल.

संत सेना महाराजांनी हाच व्यवसाय करीत भक्तीची वाट चोखाळली. त्यांचे नाव आपण उत्सवात घेतोच. ते तुरुंगाच्या दारापर्यंत नेण्याची बुद्धी समाजास व्हावी, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.