समेट झाला म्हणजे काय झाले?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाने मला ‘कौटुंबिक कलह’ हा विषय दिला. मी त्यास स्त्रीला होणारी मारहाण असेच म्हणेन. कारण नाव सौम्य ठेवले की उपायही सौम्यच सुचतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यास पतीच्या हिंसेचा अनुभव आलेला आहे. देशभरात हिंसा सोसलेल्या दर १०० स्त्रियांपैकी ७७ जणींनी ना मदत मागितली, ना कोणास सांगितले. ‘आपल्यात असले प्रकार नाहीत’ ही आपली समजूत या मौनावरच उभी आहे.

अमेरिकेत जे फॉरेस्टर नावाचे एक अभियंते होऊन गेले. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी एका कारखान्यातील कामगारभरती आणि कपात यांच्या फेऱ्यांचा अभ्यास केला. कारण बाहेरच्या बाजारात असावे, असे कोणासही वाटेल. परंतु ते मुख्यत्वे कारखान्याच्या स्वतःच्या नियमांत सापडले. व्यवस्थाशास्त्र म्हणतात ते हेच. जे पुनःपुन्हा घडते ते केवळ एका माणसाच्या स्वभावाने घडत नसते; परिणाम फिरून कारणालाच बळ देत असतो.

आता आपले नियम पाहा. लग्नासाठी बाप कर्ज काढतो. पुढे भाऊ बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतो. वास्तविक महाराष्ट्राने १९९४ साली व सर्व देशाने २००५ साली हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला आहे. सही झाली की ती माहेरी पाहुणी ठरते. पहिल्या मारहाणीनंतर ती येते, चार दिवसांनी पंच बसतात, समेट होतो आणि तिला नांदावयास पाठविले जाते. यातून नवऱ्यास काय उमगते? हिला दुसरी जागा नाही. दुसऱ्या खेपेस हात लवकर उठतो. ती मात्र आता बोलत नाही. आणि ती बोलत नाही म्हणून समेट यशस्वी झाला असे आपण वहीत लिहितो, व पुढचा समेटही त्याच रीतीने करतो. मारणाऱ्याचा अपराध यामुळे तिळमात्र कमी होत नाही. पण चाकाला वंगण आपण घालतो.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा व बीना अगरवाल यांनी केलेली पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नावावर काहीच नव्हते अशा स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. जमीन व घर दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. शिक्षण, मिळकत यांचा हिशेब धरूनही फरक टिकला.

‘दारू बंद करा, सर्व थांबेल’ असे पुष्कळ जण म्हणतात. आपल्या शेजारी गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिच्यामागे स्त्रियांची मोठी चळवळ होती. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. उठविताना चोरट्या दारूचे कारण दिले गेले. मी दारूचा कैवार घेत नाही. परंतु न पिणारेही मारतात, हे या सभागृहात निराळे सांगावयास नको.

म्हणून माझे मागणे मंडळाकडे आहे. तक्रार ऐकताना दोन जाणत्या स्त्रिया पंचांत असाव्यात आणि मुलीचे म्हणणे सासरच्यांसमोर नव्हे, एकटीचे ऐकावे. दुखापत झाली असेल तेथे समेटाची भाषाच नको; २००५ च्या कायद्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क व संरक्षण अधिकारी दिलेला आहे, १८१ हा दूरध्वनी आहे, त्या वाटेवर तिच्याबरोबर जावे. समेट केलाच, तर पहिल्या, तिसऱ्या व सहाव्या महिन्यात तिला भेटून विचारपूस करावी. रोग्यास पुन्हा न तपासणाऱ्या दवाखान्यात सगळेच बरे झालेले दिसतात! आणि हक्कसोडपत्रावर मंडळाच्या कोणाही पदाधिकाऱ्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. हे शेवटचे अनेकांस कडू लागेल, कारण सभागृहातील बहुतेक भाऊच आहेत.

या अर्थाचा लेखी ठराव मी चिटणिसांकडे दिला आहे. तो सर्वसाधारण सभेपुढे मतास टाकावा, आणि मत भगिनींचेही घ्यावे.