पहारेकरी जागा होतो कसा?

गांवाच्या वेशीवरील पहारेकऱ्याकडून दोन प्रमाद घडूं शकतात. चोर आंत शिरला तरी झोपून राहणें, हा एक. आणि घरच्याच माणसाला चोर समजून त्याजवर काठी उगारणें, हा दुसरा. मनुष्याच्या रक्तांत फिरणाऱ्या टी-पेशींची स्थिति अशीच आहे. पहिल्या चुकीनें रोग बळावतो. दुसरीनें शरीर स्वतःवरच उलटतें. तेव्हां ही पेशी जागी कशी होते, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे.

टी-पेशी दुसऱ्या पेशीला बिलगून तिच्या पृष्ठभागावरील खुणा आपल्या ग्राही रेणूंनीं चांचपते. परंतु जिवंत पृष्ठभागावर नाना रेणू सतत सरकत असतात. त्यांतील कोणत्या मांडणीनें जाग आली, हें ओळखावें कसें? म्हणून शास्त्रज्ञांनीं समोरची पेशी बाजूस सारून तिच्या जागीं कांच ठेवली.

२००५ सालीं अमेरिकेंत मॉसमन, ग्रोव्ह्ज, डस्टिन प्रभृतींनीं कांचेवर क्रोमियम धातूच्या अतिसूक्ष्म रेघा आंखून वर स्निग्ध रेणूंचा पडदा पसरला. त्यांतील खुणांना सरकतां येई. पण रेघ ओलांडतां येत नसे. एरवीं पेशी आपले ग्राही रेणू स्पर्शस्थानाच्या मध्यभागीं ओढून नेते. येथें ते कडेला अडकले, आणि त्यांचा इशारा अधिक वेळ टिकला! रेणू तेच, बदलली ती केवळ जागा.

पुढें सोन्याचे कण ठराविक अंतरावर रोवलेल्या कांचा सिद्ध झाल्या. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. टी-पेशीचा व्यास सुमारें ७,००० नॅनोमीटर. श्रोत्यांनीं कल्पना करावी, कीं एवढ्या अंगणांत प्रत्येक कणावर एक खूण बसविली आहे. खुणांमधील अंतर सुमारें ५० नॅनोमीटर वा त्याहून कमी असतां पेशी चांगली जागते; तें शंभराच्या पुढें गेलें, कीं मंदावते. याची एक उपपत्ति अशी, कीं खुणा दाट असल्या म्हणजे दोन्ही पृष्ठभाग घट्ट भिडतात, आणि इशारा विझविणारा सीडी-४५ हा उंच रेणु त्या चिंचोळ्या फटींतून बाहेर ढकलला जातो.

या ज्ञानाचा उपयोग कर्करोगाच्या उपचारांत आहे. रोग्याच्या टी-पेशी बाहेर काढून, जागवून व वाढवून, पुन्हां त्याच्या शरीरांत सोडतात. मुंबईच्या आय. आय. टी. व टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यानें सिद्ध झालेल्या अशा एका उपचारास भारतांत २०२३ सालीं मान्यता मिळाली. पेशी पुरेशी न जागली तर ती निरुपयोगी. अतिरेकानें जागविली तर थकून जाते. तें प्रमाण साधण्यास कांचेवरचा अभ्यास साह्यभूत होतो. मात्र कांच कठीण आणि स्थिर. शरीर मऊ आणि चंचल. म्हणून कांचेवर मिळालेल्या उत्तराची अखेरची परीक्षा शरीरांतच व्हावी लागते.