वॉर्ड : एक आडनाव, दोन मुळं, तीन मेरी

'नावात काय आहे' या आपल्या गप्पांमध्ये आज जरा लांबचा प्रवास करू या. आजचं आडनाव आपल्याकडचं नाही, इंग्लंड-आयर्लंडचं आहे. पण शब्द मात्र तुमच्या रोजच्या तोंडातला आहे. वॉर्ड. सरकारी दवाखान्यात आपण 'बायकांचा वॉर्ड कुठाय?' असं विचारतो. निवडणूक आली की 'आमच्या वॉर्डातून कोण उभं आहे?' ही चर्चा होते. तोच हा वॉर्ड. त्या दोन्ही देशांत हे आडनाव लावणारी माणसं गावोगाव सापडतात.

जुन्या इंग्रजीत 'वेअर्ड' म्हणजे राखण करणारा, पहारेकरी. गढीच्या दरवाजावर, गावाच्या वेशीवर रात्री जागणारा माणूस. काम वॉर्डचं, म्हणून माणूस वॉर्ड, आणि पुढे त्याची मुलंबाळंही वॉर्ड. आपल्याकडे पाटील, कुलकर्णी, देशमुख ही आडनावं अशीच कामावरून पडली. दवाखान्यातला वॉर्ड काय आणि नगरपालिकेचा वॉर्ड काय, मूळ अर्थ एकच: राखायचा, सांभाळायचा भाग. आपला 'गार्ड' हा शब्दसुद्धा याच कुळातला. तो फ्रेंचांच्या घरून फिरून आला, म्हणून 'व'चा 'ग' झाला, इतकंच.

एक गंमत सांगतो. इंग्रजीत मोठ्या माणसाला 'लॉर्ड' म्हणतात, त्यातही हाच वेअर्ड लपलेला आहे. मूळ शब्द 'हलाफ-वेअर्ड', म्हणजे पावाचा राखणदार. आणि 'लेडी' कुठून आली? 'हलाफ-डीये', म्हणजे पावाची कणीक मळणारी! भाकरी राखणारा तो मालक आणि पीठ मळणारी ती मालकीण. हजार वर्षांपूर्वीची ही कामाची वाटणी शब्दांत अजून तशीच बसलेली आहे. घराघरांत ती किती बदलली, ते तुम्हीच सांगा.

आता आयर्लंडकडे वळू. तिथल्या बऱ्याच वॉर्ड मंडळींचा त्या पहारेकऱ्याशी काही संबंध नाही. त्यांचं खरं आडनाव आयरिश भाषेतलं, 'मॅक अन वार्ड'. 'मॅक' म्हणजे मुलगा, आणि 'बार्ड' म्हणजे कवी. कवीचा मुलगा. त्या भाषेच्या व्याकरणात अशा जागी 'ब'चा उच्चार 'व'सारखा होतो, म्हणून कानाला 'वार्ड' ऐकू येतं. जुन्या आयर्लंडमध्ये सरदारघराण्यांचे कवी पिढीजात असत. ते सरदाराची वंशावळ सांभाळत, स्तुती करत, कुणी गेलं तर विलापगीत रचत. उत्तरेला डोनेगलमध्ये ओ'डोनेल सरदारांकडे मॅक अन वार्ड घराणं होतं, आणि पश्चिमेला गॉलवेकडे याच नावाचं दुसरं. डोनेगलमधल्या 'लेटरमॅकावॉर्ड' आणि गॉलवेमधल्या 'बॅलीमॅकवॉर्ड' या गावांच्या नावांत हे कवी अजून वस्तीला आहेत.

१६०७ साली इंग्रजांपुढे टिकाव लागेना, म्हणून उत्तरेचे सरदार देश सोडून गेले. ओ'डोनेल घराण्यातले दोघे भाऊ पुढच्याच वर्षी रोममध्ये वारले. त्यांची बहीण नुआला परदेशात त्यांच्या थडग्यापाशी रडत होती. ओवेन रुआ मॅक अन वार्ड या कवीनं आपली सगळ्यात नावाजलेली कविता तिला उद्देशून लिहिली. इथे तू एकटीच रडतेस, हेच जर आपल्या मुलखात घडलं असतं तर तुझ्यासोबत रडायला किती बायका जमल्या असत्या, असा तिचा भाव आहे. मैत्रिणींनो, दुःखाच्या वेळी शेजारपाजारच्या चार बाया जवळ असणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

सरदार गेले तसा कवींचा आधार गेला. राज्यकारभार इंग्रजीत चालू लागला आणि नावं लिहिणाऱ्या कारकुनांना आयरिश नावं अवघड वाटत. त्याआधीच, १४६५ साली, डब्लिनच्या आसपास राहणाऱ्या आयरिश लोकांनी इंग्रजी पद्धतीची आडनावं लावावीत असा कायदा झाला होता. एखाद्या गावाचं नाव, रंगाचं नाव, नाहीतर धंद्याचं नाव. पुढे देशभर हळूहळू तेच होत गेलं. 'मॅक गावन', म्हणजे लोहाराचा मुलगा, याचं भाषांतर होऊन 'स्मिथ' झालं. 'मॅक अन वार्ड'चं भाषांतर कुणी केलं नाही. कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं, वॉर्ड. कवीचं घराणं कागदोपत्री पहारेकऱ्याचं झालं. आज आयर्लंडमधल्या भटक्या समाजातही वॉर्ड हे आडनाव खूप आढळतं.

पण आपल्याला खरी उत्सुकता पुढची आहे. कवीच्या मुलाचं नाव कळलं. कवीच्या मुलीचं काय? आयरिश भाषेत मुलगी 'मॅक' लावत नाही, कारण ती मुलगा नाही. ती लावते 'निक'. नीव निक अन वार्ड म्हणजे कवीच्या घरची लेक नीव. तीच जर लग्न होऊन त्या घरात सून म्हणून आली असेल, तर ती 'विक अन वार्ड'. भाऊ, बहीण आणि भावजय, घर एक पण आडनावाचं रूप तिघांचं वेगळं. नुसतं नाव ऐकून कळतं, बाई इथली लेक आहे की सून. 'ओ' लावणाऱ्या घराण्यांतही तसंच. मुलगा 'ओ', मुलगी 'नी', सून 'ई'. जुन्या आयरिश रिवाजात तर लग्नानंतरही बाई बापाचंच नाव चालवत असे. गलबतांच्या ताफ्याची मालकीण ग्राइने नी वालिया दोनदा लग्न करूनही नी वालियाच राहिली, आणि १५९३ साली त्याच नावानं इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीसमोर उभी राहिली.

इंग्रजी कायद्याची रीत वेगळी होती. लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरघळलं असं धरत. मिळकत त्याची, कमाई त्याची, नावही त्याचंच. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी विवाहित बाईला स्वतःची कमाई आणि मालमत्ता स्वतःच्या नावे ठेवता आली. नाव मात्र त्यानंतरही पुष्कळ काळ नवऱ्याचंच चाललं. हे कसं घडत होतं ते तीन मेरी वॉर्डच्या गोष्टीतून छान कळतं.

पहिली मेरी जन्मानं वॉर्ड. १५८५ साली इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला जन्मली. घर कॅथलिक, आणि तेव्हा इंग्लंडमध्ये कॅथलिक असणं धोक्याचं. ती समुद्रापलीकडे गेली आणि १६०९ च्या सुमारास सोबतच्या बायकांना घेऊन तिनं मुलींसाठी शाळा काढायला सुरुवात केली. तिचं म्हणणं साधं होतं: जोगिणींनी भिंतीआड कोंडून घेऊ नये, बाहेर पडून मुलींना शिकवावं. परवानगी मागायला ती आल्प्स डोंगर ओलांडून पायी रोमला गेली. धर्ममंडळींना हे पसंत पडलं नाही. १६३१ साली पोपनं तिची संस्था बंद केली आणि तिला पाखंडी ठरवून म्युनिकमधल्या एका मठात कोंडलं. तिथून ती मैत्रिणींना लिंबाच्या रसानं पत्रं लिहायची. कागद कोरा दिसे, आगीजवळ धरला की अक्षरं उमटत! १६४५ साली ती यॉर्कजवळ वारली. संस्थापक म्हणून तिचं नाव घ्यायला चर्चनं थेट १९०९ साल उजाडू दिलं. पण तिच्या शाळा थांबल्या नाहीत. तिच्या परंपरेतल्या यॉर्कच्या मठात शिकलेल्या तेरेसा बॉल यांनी डब्लिनजवळ लोरेटो शाखा काढली. १८४१ च्या अखेरीस त्या आयरिश जोगिणी कोलकात्याला उतरल्या आणि मुलींची शाळा सुरू झाली. मदर तेरेसाही १९२८ मध्ये आधी याच लोरेटोत दाखल झाल्या होत्या.

दुसरी मेरी जन्मानं किंग. १८२७ साली आयर्लंडच्या मध्यभागी जन्मली. मुलींना तेव्हा विद्यापीठाचा दरवाजा बंद, म्हणून शिक्षण घरीच. लहानपणापासून भिंग घेऊन किडे पाहत बसायची. एका खगोलशास्त्रज्ञानं ते बघितलं आणि तिच्या वडिलांना सांगितलं, हिला चांगला सूक्ष्मदर्शक घेऊन द्या. १८५४ मध्ये तिचं लग्न हेन्री वॉर्डशी झालं. हे वॉर्ड घराणं इंग्लंडहून येऊन उत्तर आयर्लंडमध्ये स्थायिक झालेलं, म्हणजे पहारेकऱ्यांकडचं. त्यांचा वाडा, कॅसल वॉर्ड, आजही बघायला मिळतो. तो बांधताना नवराबायकोचं जमलं नाही म्हणे. म्हणून वाड्याची एक बाजू त्याच्या आवडीच्या जुन्या ग्रीक-रोमन थाटाची आणि दुसरी बाजू तिच्या आवडीच्या टोकदार कमानींची. दोघांनीही हट्ट सोडला नाही आणि दोघांचंही राहिलं!

तर ही मेरी आठ मुलांना वाढवत सूक्ष्मदर्शकातून फुलपाखराच्या पंखांवरचे खवले बघायची आणि त्यांची चित्रं काढायची. बाईचं पुस्तक कोण छापणार, या विचारानं १८५७ साली तिनं स्वतःच २५० प्रती छापून घेतल्या. त्या हातोहात गेल्या. मग लंडनच्या प्रकाशकानं पुस्तक घेतलं. पुढे दुर्बिणीवरही तिनं पुस्तक लिहिलं. मुखपृष्ठावर नाव असे 'मिसेस वॉर्ड'. १८६९ च्या ऑगस्टमध्ये नातेवाइकांच्या वाफेच्या गाडीतून जाताना वळणावर ती खाली फेकली गेली आणि चाकाखाली आली. वय अवघं ४२. मोटारगाडीच्या अपघातात गेलेली जगातली पहिली व्यक्ती म्हणून तिची नोंद सांगतात. ती कशी गेली हे अनेकांना माहीत असतं. तिनं काय लिहिलं, काय काढलं, हे थोड्यांना. म्हणून आज मुद्दाम सांगितलं.

तिसरी मेरी जन्मानं अर्नाल्ड, नामांकित विद्वानांच्या घरातली. १८७२ मध्ये हम्फ्री वॉर्ड यांच्याशी लग्न झालं. तिनं कादंबऱ्या लिहिल्या. १८८८ ची 'रॉबर्ट एल्समिअर' तर इंग्लंड-अमेरिकेत तुफान खपली. लेखिका म्हणून नाव काय? 'मिसेस हम्फ्री वॉर्ड'. आडनाव नवऱ्याचं, पहिलं नावही नवऱ्याचं! घर तिच्या लेखणीवर चालायचं आणि मुखपृष्ठावर तो. ऑक्सफर्डमध्ये मुलींच्या शिक्षणासाठी तिनं खूप खटपट केली. लंडनमध्ये कामकऱ्यांच्या मुलांसाठी खेळघरं आणि अपंग मुलांसाठी शाळा काढली. आणि हीच बाई १९०८ मध्ये बायकांना मताचा हक्क नको म्हणणाऱ्या संघटनेची अध्यक्ष झाली! माणसं अशीच असतात, एका हातानं दार उघडतात आणि दुसऱ्या हातानं लावतात. १९२० मध्ये ती गेली. तिच्या लंडनच्या संस्थेला नंतर 'मेरी वॉर्ड' नाव दिलं गेलं. हयातीत पुस्तकांवर जे छापलं नाही ते तिचं स्वतःचं पहिलं नाव निदान पाटीवर तरी आलं.

आणखी एक वॉर्ड सांगतो, बार्बरा वॉर्ड. १९१४ मध्ये यॉर्कला जन्मलेली अर्थशास्त्रज्ञ. १९५० मध्ये रॉबर्ट जॅक्सन यांच्याशी लग्न झालं, पण पुस्तकांवर नाव बार्बरा वॉर्डच ठेवलं. गरीब आणि श्रीमंत देशांमधल्या दरीबद्दल तिनं आयुष्यभर लिहिलं. १९७२ मध्ये स्टॉकहोमला पर्यावरणाची जागतिक परिषद भरली तेव्हा तिचं 'ओन्ली वन अर्थ' हे सहलेखकासोबतचं पुस्तक आलं. तिसऱ्या मेरीनंतर दोनच पिढ्यांत एवढा बदल.

आता आपल्या दारात येऊ. कोर्टाच्या भाषेत 'वॉर्ड' म्हणजे पालकाच्या ताब्यातलं अज्ञान मूल, पाल्य. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आपल्याकडे अजून लागू आहे. म्हणजे एकच शब्द राखणाऱ्यालाही लागतो आणि जिची राखण करायची तिलाही. बाईचं नाव पुष्कळ काळ या दुसऱ्या अर्थानंच लिहिलं गेलं: आधी बापाच्या ताब्यात, मग नवऱ्याच्या. आपल्याकडे तर ताटातल्या तांदळांवर अंगठीनं पहिलं नावही नवं लिहितात. कुणाला ते हौसेनं आवडतं, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण विचारून झालं का, एवढंच बघावं.

एक चांगली गोष्ट घडली आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव लिहिणं बंधनकारक झालं. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. तुमच्या घरात लहान बाळ असेल तर जन्मदाखला नीट वाचून घ्या. आईचं नाव राहिलं असेल किंवा चुकीचं पडलं असेल तर शाळेत घालायच्या आधीच दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर आधार, बँकेचं खातं, रेशनकार्ड सगळीकडे एकच नाव हवं. नाही बदलणार असाल तरी काही अडत नाही. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही.

आणि एक काम या आठवड्याचं. वहीचं एक पान घ्या. त्यावर आईचं माहेरचं पूर्ण नाव लिहा. मग आजीचं, दोन्हीकडच्या. मग पणजीचं आठवतं का बघा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आजच विचारा, पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. कवीच्या घराण्याचं नाव एका कारकुनाच्या कानावर गेलं आणि पुसलं गेलं. आपल्या आज्यांची नावं तर कुणी ऐकूनही घेतली नाहीत. ती आपणच लिहून ठेवू या. सापडलेली नावं आम्हाला कळवा, पुढच्या भागात ती आम्ही एकेक करून मोठ्यानं वाचू. नमस्कार.